फोडणीवाचून एक पातेलं

तँजियरहून निघालेला इब्न बतुता १३३३ साली सिंधू नदीपाशी पोचला, पुढे दिल्लीत महंमद तुघलकाच्या पदरी काझी झाला आणि १३४२ मध्ये सुलतानाचा वकील म्हणून चीनच्या वाटेला लागला. त्या वाटेवर दौलताबाद होतं. त्या मुलखातल्या मराठ्यांबद्दल त्यानं लिहून ठेवलंय की यांच्यातले थोर लोक भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, जिवाची हत्या करत नाहीत. त्याच पुस्तकात हिंदुस्थानातल्या धान्यांवर एक भाग आहे, तो मला याहून मोलाचा वाटतो. इथले लोक मूग तांदळाबरोबर शिजवतात, वर तूप घेतात, त्याला खिचडी म्हणतात आणि रोज सकाळी न्याहारीला हीच खातात, असं सांगून झाल्यावर बतुता आपल्या मुलखातल्या वाचकाला खूण पटवून देतो: आपल्या मगरिबात जसा हरीरा, तशी यांची ही खिचडी.

हे सगळं त्यानं प्रवास संपवून घरी परतल्यावर, १३५० च्या दशकात, फेज शहरात सांगितलं आणि इब्न जुझय्य नावाच्या लेखनिकानं उतरवून घेतलं. फेजमधल्या माणसाला हरीरा म्हणजे काय हे समजावण्याची गरज नव्हती. आजच्या मोरोक्कोतही नाही. रमझानमध्ये सूर्य मावळला की खजूर, मधात बुडवलेली शेबाकिया आणि वाडगाभर गरम हरीरा यांवर रोजा सुटतो. एरवी वर्षभर बाजारातल्या साध्या खानावळींत तो हमालापासून कारकुनापर्यंत सगळ्यांच्या पोटाला आधार देतो. मोरोक्कोतले ज्यू योम किप्पुरचा कडक उपास यावरच सोडत आले. अल्जीरियाच्या पश्चिम अंगाला, ओरान-त्लेमसेनकडेही हरीरा घरचाच. काबुली चणे, मसूर, टोमॅटो, जुडीच्या जुडी कोथिंबीर, मूठभर शेवया नाहीतर तांदूळ आणि शेवटी पिठाचा घोळ, असा त्याचा ऐवज. बऱ्याच पातेल्यांत मटणाचे चार तुकडे पडतात, पण ते वगळले तरी पदार्थाचं काही अडत नाही. चणे आणि मसूर पातेलं सांभाळून नेतात.

बतुताच्या हरीऱ्यात टोमॅटो नव्हता हे उघड आहे. टोमॅटो आणि मिरची अमेरिकेतून इकडे यायला अजून दीडशेच्या आसपास वर्षं होती. तेव्हाचा हरीरा म्हणजे पिठाची दाटसर, खारी पेज असणार, असं मला वाटतं. म्हणूनच त्याला खिचडी बघून हरीरा आठवला असावा. दोन्हींमध्ये मसाल्याचा बडेजाव नाही, दोन्ही एका भांड्यात होतात, आणि रिकाम्या पोटाला दोन्ही सोसतात.

मी दादरला राहते आणि हरीरा घरी करते. त्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं सामान शिवाजी पार्क ते लालबाग एवढ्या टापूत मिळतं. हे सगळं जमवून गॅस पेटवला की मराठी हाताला एकच गोष्ट जड जाते. फोडणी द्यायची नसते. मोहरी तडतडवायची नाही, हिंग नाही, कढीपत्ता नाही, शेवटी वरून लसणाची चुरचुरीत फोडणीही नाही.

डिलाईल रोडच्या चाळीत उभा संसार केलेल्या, माहेरच्या देवगडकडच्या एका काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग पातेल्याकडे बघितलं.

“फोडणी नाय? मगे चव खंयसून येतली गो?”

प्रश्न अगदी बरोबर होता. या लेखात मी त्याच प्रश्नाच्या मागे लागले आहे. त्याचं अर्धं उत्तर काकूंच्याच स्वयंपाकात आहे, हे त्यांना त्या क्षणी आठवलं नसेल इतकंच.

*

ते अर्धं उत्तर म्हणजे कळण. कोकणात भात कापून झाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरतात. तो दाणा लहान, टणक, चवीला मातकट आणि थोडा उग्र. शिजायला वेळ घेतो, पण शिजताना पाण्यात उतरतो, आणि ते तपकिरी पाणी हाच खरा माल. कुळीथ बाजूला काढून त्याची उसळ करायची, आणि पाण्याचं कळण: नारळाचा रस, दोन आमसुलं, ठेचलेली मिरची, कोथिंबीर, मीठ. काही घरांत त्यावर लसणाची फोडणी पडते, काही घरांत नाही. पावसाळ्यात भातावर घ्यायचं, नाहीतर वाटीनं प्यायचं. भाजून दळलेल्या कुळथाची पिठी ही त्याची धाकटी बहीण. घरात भाजी नसली, पगार लांबला, पाहुणा अवेळी आला, की पाण्यात पीठ कालवून पिठी. परळ-लालबागच्या चाळींत हे पीठ गावाहून यायचं. सुट्टी संपवून परतणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात आमसुलं, सुकट आणि कुळथाचं पीठ असायचंच.

काकूंनी कळणाची कृती मला दारातच सांगितली. सांगताना “पाणी टाकू नको हां, पाण्यातच सगळा असता” हे दोनदा म्हणाल्या. मोरोक्कोतली कुठलीही आजी चण्यांच्या पाण्याबद्दल हेच म्हणेल.

गिरणगावात कडधान्याचा खरा पसारा घरांपेक्षा खानावळींत होता. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली, आणि पुढच्या शंभर वर्षांत ताडदेव, भायखळा, परळ, लालबाग, वरळी हा सगळा पट्टा भोंग्यावर चालू लागला. रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि सातारा-सांगलीकडून आलेले बहुतेक पुरुष एकटे असत. एका खोलीत गाववाले पाळीपाळीनं झोपत. त्यांच्या जेवणाची जबाबदारी बायकांनी उचलली. या खानावळवाल्यांमध्ये कुणी विधवा, कुणाचा नवरा आजारी, कुणाचा गिरणीतून काढलेला. दहा बाय दहाच्या खोलीत एक स्टोव्ह, दोन पातेली, आणि महिन्याच्या बोलीवर जेवणारे दहा-वीस गडी. पहिल्या पाळीचा डबा पहाटेच तयार हवा, तिसऱ्या पाळीचा माणूस रात्री उशिरा जेवून जाणार. यात बाईची झोप कधी, हा हिशेब कुणी मांडला नाही.

अशा स्वयंपाकात कडधान्यासारखा दुसरा आधार नाही. मटकी, चवळी, वाटाणा, मसूर महिन्याचं एकदम भरून ठेवता येतं. नासत नाही. आणि ऐन वेळी दोन माणसं वाढली तर उसळीला आमटी करता येते, आमटीला आणखी पाणी घालता येतं. हे पाणी वाढवणं फसवणुकीचं नव्हतं. तो हिशेब दोन्ही बाजूंना माहीत होता. पगाराच्या पहिल्या आठवड्यात रस्सा दाट, शेवटच्या आठवड्यात पातळ. संप असला की महिनाभर पातळच.

संपाच्या काळात जेवणारा पैसे देऊ शकत नाही, आणि त्याला उपाशी उठवता येत नाही. वाणी मात्र उधारी थांबवतो, सावकार व्याज वाढवतो, आणि मंगळसूत्र गहाण पडतं. गिरणी संपाच्या इतिहासातला हा भाग पुढाऱ्यांच्या भाषणात फारसा येत नाही. गोवा मुक्तिसंग्रामातून मुंबईच्या कामगार चळवळीत आलेल्या प्रेमा पुरव यांनी तो बघितला. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेही अशा बायकांना ज्यांच्याकडे तारण ठेवायला जागा नव्हती आणि सही करायला अक्षरओळख नव्हती. मला ही मुंबईच्या खाद्यइतिहासातली फार मोठी घटना वाटते. आपण तिची नोंद महिला चळवळीच्या कप्प्यात करतो आणि खाण्याच्या कप्प्यात करत नाही. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले पुष्कळ पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरण्यांबरोबर खानावळीही विरत गेल्या. आता त्या जागांवर जे मॉल आणि टॉवर आहेत त्यांच्यातल्या एखाद्या रेस्तराँच्या मेन्यूवर ‘मोरोक्कन हरीरा सूप’ अशी ओळ दिसते आणि तिच्यासमोरचा आकडा बघून मी दादरला परत येते.

*

तर सामान. काबुली चणे आणि अख्खे मसूर कुठल्याही वाण्याकडे मिळतात. मसूर सोललेली लाल डाळ नको, सालासकटचे तपकिरी हवेत. ती डाळ विरघळून जाते, अख्खा दाणा थोडा तरी अंग धरून राहतो. आता एक गंमत. आपण भारतीय जगात सगळ्यांत जास्त डाळी-कडधान्यं पिकवतो, सगळ्यांत जास्त खातो आणि तरी बाहेरून आणतो. बाहेरचा मसूर मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून येतो. मोरोक्कोही कॅनडाचाच मसूर आणतो. दादरच्या पोत्यातला आणि फेजच्या पोत्यातला दाणा एकाच देशातला असण्याची शक्यता चांगलीच आहे.

कोथिंबीर, टोमॅटो, लिंबं दादरच्या मंडईत सकाळी घ्यावीत. सेलरी ‘इंग्रजी भाजी’वाल्याकडे असते, ब्रोकोली आणि झुकिनीच्या शेजारी. पार्सलीचंही तेच. सेलरी नाही मिळाली तर कोथिंबिरीचे देठ दुप्पट घ्यावेत आणि चिमूटभर ओवा टाकावा. चव तीच होणार नाही, पण त्या दिशेची होईल. ओवा मात्र चिमूटभरच, नाहीतर हरीऱ्याला बाळंतिणीच्या खोलीचा वास यायचा.

दालचिनी, मिरी, सुंठ, हळकुंडं यांच्यासाठी लालबाग. खरं म्हणजे एवढ्याशा मालासाठी लालबागपर्यंत जायची गरज नाही, पण मला ती मसाला गल्ली आवडते. मार्च ते मे तिचा हंगाम असतो. तेव्हा फुटपाथला लागून मिरच्यांच्या राशी पडतात: रंगाला ब्याडगी नि काश्मिरी, तिखटाला लवंगी, दोन्हींच्या मध्ये संकेश्वरी. बायका पाटावर बसून देठ खुडतात. बोटं दिवसभर त्यात असल्यानं त्या डोळ्याला हात लावत नाहीत, घाम आला तर दंडानं पुसतात. आत डंक धबाधबा चालू असतो आणि रस्त्यावरून जाणारा नवखा माणूस खोकत खोकत भारतमाता थिएटरपर्यंत पोचतो. दुकानदाराला नुसतं ‘मसाला द्या’ म्हणून चालत नाही. मालवणी, आगरी, घाटी, गोडा, सीकेपी, यातला कुठला, हा त्याचा पहिला प्रश्न. माणसाचं गाव विचारायची ही सभ्य पद्धत आहे.

मी हरीऱ्याला म्हणून दालचिनी, मिरी आणि सुंठ मागते तेव्हा तो बाजूची धण्याची बरणी आपसूक पुढे करतो. धणे नकोत, असं म्हटल्यावर थांबतो. दगडफूल? नको. बडीशेप? नको. लवंग? तीही नको. “मग हा कसला मसाला, ताई?” हरीऱ्यात मसाले थोडे आणि वेगवेगळे ओळखता येण्याजोगे असतात. भाजून, कुटून, एकजीव करून ते एकमेकांत हरवत नाहीत. मालवणी मसाल्यात दहा-पंधरा जिन्नस असतात आणि त्यातला एकही एकटा बोलत नाही. हरीऱ्यात मिरी मिरीसारखीच लागते आणि दालचिनी दालचिनीसारखी.

*

चणे रात्री भिजवताना पाण्यात मीठ घालावं. मिठानं कडधान्य शिजत नाही असं आपल्याकडे पक्कं धरलेलं असतं. शिजू देत नाही ते आंबट. टोमॅटो, चिंच, आमसूल यांच्या आम्लामुळे सालातलं पेक्टिन विरघळायला तयार नसतं आणि दाणा कितीही उकळला तरी दाताखाली कचकचतो. म्हणून चणे आधी पूर्ण मऊ होऊ द्यायचे आणि मगच टोमॅटोची गाठ घालून द्यायची. जड, क्षारवाल्या पाण्याचंही तेच. बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायट्यांत चणे रडवतात ते यामुळे. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचं मऊ पाणी येतं, त्यामुळे इथे सोडा घालायची वेळ सहसा येत नाही.

सकाळी भिजलेले चणे सोलायचे. हे वाचून पान उलटू नये. मोरोक्कोतल्या जुन्या हाताच्या बायका चण्याचं साल काढतातच, आणि सोलण्याचं कौतुक आपल्याला कुणी सांगायला नको. ज्या घरांत श्रावणात डाळिंब्यांचं बिरडं होतं तिथे हे काम लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात सोडायचे, एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून मोडाच्या बाजूनं दाबायचा. डाळिंबी टपकन उडून वाडग्यात पडते आणि साल बोटांत राहतं. पहिल्या मुठीला उत्साह असतो. दुसऱ्या मुठीला गप्पा सुरू होतात. तिसऱ्या मुठीला घरातलं जे माणूस बाजूनं जाईल त्याला हाताला धरून खाली बसवलं जातं. चणा याहून सोपा. पंचावर पसरून वर दुसरं टोक घ्यायचं आणि तळव्यानं घासायचं. निम्मी सालं तिथेच सुटतात, बाकीची पाण्यात तरंगतात. राहिली थोडी तर राहू द्यावीत.

एक फरक मात्र आहे. मोड आणायचे नाहीत. मराठी स्वयंपाकात कडधान्य भिजवलं की पुढची पायरी फडक्यात बांधून मोड आणायची, इतकी ती सवय झाली आहे. मोडानं दाणा गोडसर होतो, लवकर शिजतो, पचायला हलका होतो, सगळं खरं. पण हरीऱ्याला दाण्यातला पिठूळपणा हवा असतो, आणि मोड त्याचाच घास घेतो.

सहा माणसांना एक वाटी कोरडे चणे पुरतात. सोलून कुकरमध्ये भरपूर पाण्यात मऊ शिजवावेत. साधारण चार शिट्ट्या, पण शिट्टीपेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. पाणी राखून ठेवावं. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात तेल, त्यात दोन कांदे बारीक चिरून, मंद आचेवर नुसते मऊ. लाल करायचे नाहीत. कांदा लाल झाला की आपली आमटी होते. त्यावर सेलरीचे दोन-तीन दांडे पानांसकट बारीक चिरून, कोथिंबिरीची अख्खी जुडी देठांसकट, पार्सली असेल तर तीही. इथे हात आखडू नये. आपण कोथिंबीर शेवटी वरून भुरभुरतो, दिसायला. इथे ती भाजी म्हणून सुरुवातीला शिजते, हिरवा रंग घालवून बसते आणि त्या बदल्यात पाण्याला अंग देते. काकूंच्या प्रश्नाचं हे एक उत्तर.

मग हळद अर्धा चमचा, सुंठ एक चमचा, ताजी कुटलेली मिरी एक चमचा, दालचिनीचा बोटभर तुकडा. सहा पिकलेले टोमॅटो किसणीवर किसून, साल हातात राहील असे. हे मिश्रण मीठ घालून दहा-बारा मिनिटं चांगलं शिजू द्यायचं, टोमॅटोचा कच्चा वास जाईपर्यंत. त्यावर चण्यांचं सगळं पाणी, आणखी साधं पाणी, एकूण दोन लिटरच्या आसपास. उकळी आली की अर्धी वाटी धुतलेले मसूर आणि शिजलेले चणे. मसूर भिजवावे लागत नाहीत. टोमॅटोमुळे थोडे रेंगाळतात, पण पाऊण तासात वाकतात. या वेळात झाकण ठेवून दुसरं काहीही करावं, फक्त आच वाढवू नये.

हरीऱ्याची परीक्षा शेवटच्या पंधरा मिनिटांत होते. चार मोठे चमचे कणीक किंवा मैदा पेलाभर पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा. मोरोक्कोत याला तद्वीरा म्हणतात, आणि काही घरांत तो आदल्या रात्रीच कालवून ठेवतात म्हणजे थोडा आंबतो. देशावरच्या, नाचणी किंवा ज्वारीची आंबील करणाऱ्या माणसाला यात नवं काही नाही. आंबलेल्या पिठाचा तो हलका आंबूस वास उकळत्या पातेल्यात पडला की स्वयंपाकघराचं वातावरणच बदलतं. एका हातानं पिठाची बारीक धार, दुसऱ्या हातानं पळी, आणि पळी थांबवायची नाही. थांबली की पीठ बुडाशी बसतं आणि करपतं. पहिला मिनिटभर काहीच घडत नाही. पाणी पाण्यासारखंच हलतं, वर फिका फेस येतो. मग पळी फिरवताना हाताला किंचित अडतं. बुडबुडे फुटायचा आवाज बदलतो, टप टप असा जड होतो. पळी वर उचलून बघितली तर मघाशी पाण्यासारखं ओघळून जाणारं आता पळीच्या पाठीवर चिकटून राहतं. याच वेळी मूठभर चुरलेल्या शेवया. आणखी दहा मिनिटं शिजू द्यायचं, कारण कच्च्या पिठाची चव जिभेला लगेच सापडते. दाटपणा कळणापेक्षा जास्त, पिठल्यापेक्षा बराच कमी. गॅस बंद, आणि मग लिंबू. सोबत खजूर, कारण या आंबट-मिरमिरीत चवीला मध्येच एक गोड घास लागतो.

चव येते ती अशी: चण्यांच्या पाण्यातून, शिजून विरलेल्या पाल्यातून, आटलेल्या टोमॅटोतून, पिठाच्या आंबूसपणातून, आणि पाऊण तास न उघडलेल्या झाकणाखालून. फोडणी दोन मिनिटांत जे करते ते इथे दीड तासात होतं. पोषणाचा हिशेबही चोख आहे. कडधान्यात जे प्रथिनघटक कमी असतात ते गव्हाच्या पिठात आणि शेवयांत मिळतात, गव्हात जे कमी ते चण्या-मसुरात, आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे मसुरातलं लोह अंगी लागतं. वरण-भात-लिंबू या ताटाचं हेच गणित आहे.

*

हरीऱ्याच्या पूर्वेला, तुनिसमध्ये, त्याचा एक आडदांड चुलतभाऊ राहतो. लाबलाबी. खोलगट वाडग्यात शिळ्या पावाचे तुकडे, त्यावर चणे आणि चण्यांचं उकळतं पाणी, मग हरिसा म्हणजे वाळलेल्या मिरच्यांची चटणी, जिऱ्याची पूड, लसूण, लिंबू, ऑलिव्हचं तेल. ऐपतीप्रमाणे वर अंडं किंवा टूना, नसलं तरी चालतं. हे पहाटेचं, थंडीतलं, कामावर निघालेल्या माणसाचं खाणं. चमच्यानं सगळं एकत्र कालवून पावाचा लगदा झाला की खायचं.

गिरगावात किंवा दादरला वाढलेल्या माणसाला याची ओळख करून द्यायला नकोच. गिरगावातलं विनय, लालबागचं लाडू सम्राट, दादरचं आस्वाद, जिथे जाल तिथे या जातीचा वाडगा, म्हणजे मिसळ, समोर येतो. आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं, तेव्हा दादरकरांनी ती बातमी मान्य करण्यापेक्षा ‘उशीरच केला’ असा चेहरा केला. मला मिसळ आवडते. तरीही एक तक्रार नोंदवते. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रभर मिसळीची स्पर्धा तर्रीच्या रंगाशी आणि तिखटाशी लागलीय. वाडग्यावर बोटभर लाल तेल, खाली मटकी शोधावी लागते. कडधान्याचं पाणी हा पदार्थाचा कणा होता, तो आता मसाल्याचं वाहन झालाय. लाबलाबीत तिखट वेगळं येतं, ज्याला हवं तेवढं त्यानं घ्यावं, आणि चण्यांचं पाणी आपलं स्वच्छ राहतं. खानावळीतही चटणी ताटाच्या कडेला असायची.

हरिसा मात्र लालबागच्या भरवशावर करावा. वाळलेल्या मिरच्या गरम पाण्यात भिजवून, बिया काढून, लसूण, धणे, मीठ आणि कॅरवे नावाच्या जिऱ्याच्या घरातल्या बियांबरोबर वाटायच्या आणि तेलाखाली बरणीत ठेवायच्या. युनेस्कोनं २०२२ मध्ये ट्युनिशियाचा हा हरिसा मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतला. आपल्याकडे ब्याडगी आणि संकेश्वरी निम्मी-निम्मी घेतली तर रंग आणि धग दोन्ही जमतात. कॅरवेच्या जागी शहाजिरं, थोडं हात राखून. लाबलाबीला पाव लादीचा नको, तो क्षणात विरघळतो. इराण्याचा ब्रून, तोही कालचा.

तिसरा नातेवाईक बिसारा. सोललेल्या सुक्या बाकल्याच्या दाण्यांचं, काही ठिकाणी वाटाण्याच्या डाळीचं, दाटसर कालवण. मोरोक्कोत हिवाळ्याच्या सकाळी. वर जिरेपूड, तिखट आणि ऑलिव्ह तेलाची कच्ची धार. पिठल्यात खड्डा करून त्यात कच्चं शेंगदाण्याचं तेल ओतणाऱ्या माणसाला हे तंत्र शिकवायला नको. मी हरीऱ्यावरही ऑलिव्हऐवजी घाण्याचं शेंगदाणा तेल चमचाभर सोडते. ऑलिव्ह तेलाची बाटली ज्या भावानं पडते त्यात हा निर्णय सोपा आहे, आणि चवीलाही वाईट नाही.

हरीरा उरतो, उरावाच. दुसऱ्या दिवशी तो जवळजवळ पिठल्याइतका घट्ट झालेला असतो, कारण शेवया आणि पीठ रात्रभर पाणी ओढत राहतात. गरम पाणी घालून, मंद आचेवर, तळापासून पळी फिरवत सैल करावा आणि पुन्हा लिंबू पिळावं. कालचं लिंबू आज मेलेलं असतं. जास्त दिवसांसाठी ठेवायचा असेल तर शेवया घालूच नयेत, वाढताना वेगळ्या उकडून टाकाव्यात. काकूंच्या घरी मी डबा पाठवला होता. तो धुऊन, रिकामा न पाठवता आंबोळ्या घालून परत आला, आणि निरोप असा की सुनेला आवडला, त्यांना स्वतःला मात्र वरून लसणीची फोडणी घातल्यावर आवडला. आमच्याकडे याहून पुढची मजल आहे. दिवाळी संपली की डब्यांच्या तळाशी जी शेव आणि चिवड्याचा चुरा राहतो, तो मुलगा सरळ हरीऱ्यावर ओततो, कांदा चिरून घेतो आणि पाव मागतो.